पाण्याचा जिना

पाणी उताराकडे धावते हे आपल्याला ठाऊक आहे. मग नाव टेकडी कशी चढेल? गुरुजींनी हे विचारले तेव्हा वर्गात कोणालाच सांगता आले नाही. मग त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावले. ती माहिती मी लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात बिंग्ली नावाचे गाव आहे. तेथून लीड्स ते लिव्हरपूल हा १२७ मैल लांबीचा कालवा जातो. पूर्वी त्यातून कोळसा, चुनखडी असा माल जाई. घोडा काठाने चाले आणि दोराने नाव ओढी. बिंग्लीजवळ मोठा चढ आला. कालवा एकदम ५९ फूट वर न्यायचा होता. म्हणून तेथे एकाला एक लागून पाच लॉक बांधले. ते १७७४ साली सुरू झाले.

लॉक म्हणजे कुलूप नव्हे बरं का! हा दगडी हौद असतो. त्याला पुढे व मागे लाकडी दारे असतात. वरच्या हौदाचे खालचे दार तेच खालच्या हौदाचे वरचे दार.

वर जायचे तर सर्वांत खालचा हौद रिकामा आणि वरचे चारही भरलेले लागतात. नाव खालच्या हौदात येते. मागचे दार लावतात. मग वरच्या हौदाचे पाणी झडपेतून खाली सोडतात. पाणी चढते तशी नावही चढते. दोन्हीकडे पाणी सारखे झाले की मधले दार ढकलून उघडता येते. त्याआधी कितीही जोर लावा, ते हलत नाही. असे पाच वेळा केले की नाव टेकडीवर! यंत्र नाही, इंजिन नाही.

आम्ही मळ्यात रात्री दारं धरतो. एकदा मी झोपेच्या भरात खालचं दारं न बांधताच वरचं सोडलं. सगळं पाणी ओढ्याला गेलं. पुढची पाळी आठ दिवसांनी. आमचा कांदा सुकला. दादा रागावले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

बिंग्लीलाही चुकीचे दार उघडून चालत नाही. म्हणून तेथे राखणदार असतो. त्याला विचारल्याशिवाय कोणी झडपेला हात लावत नाही. आता मालाच्या नावा जात नाहीत, हौशी लोक नावेतून फिरतात. पण लॉक अजून चालू आहेत.

आता मीही आधी खालचं बांधतो, मगच वरचं सोडतो.

प्रश्न : नाव खाली आणायची असेल तर कोणते हौद रिकामे हवेत? उत्तर माझ्या वहीत आहे.

— इयत्ता ४ थी