दहा हजारांच्या विक्रीवर कमिशन किती?

प्रश्न : ओळखीच्या ताईंच्या आग्रहाने मी थेट विक्री कंपनीची सल्लागार झाले. महिन्यात १०,००० रुपयांचा माल खपवला. ७ टक्के कमिशन ठरले होते, पण ७०० रुपये आले नाहीत. असे का?
– एक गृहिणी, बिबवेवाडी

उत्तर : कमिशन बहुधा एमआरपीवर नसतेच. कंपनी प्रत्येक वस्तूला वेगळे ‘व्यवसाय मूल्य’ लावते. तुमच्या मालाचे ते ६,००० धरले असेल, तर ७ टक्क्यांनी ४२० रुपयेच होतात. सवलतीत घेऊन एमआरपीला विकल्याचा नफा वेगळा. तो ग्राहकाकडून थेट तुमच्या हातात येतो. ताईंचा कमिशनचा टप्पा १२ टक्के असेल, तर वरचे ५ टक्के सहसा त्यांना मिळतात, पण ते तुमच्या ४२० मधून जात नाहीत.

खरा खड्डा पुढे आहे. टप्पा टिकवायला महिनाअखेरीस स्वतःच माल उचलायचा आणि तो कपाटात साठवायचा, हे अजिबात करू नका. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार प्रवेश शुल्क घेता येत नाही. नुसती माणसे जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांनाही बंदी आहे. तसे काही दिसले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि हो, कंपनीकडून कमिशनचे लेखी कोष्टक मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालणार नाही.