डोलीचा पडदा

॥ श्री ॥
मु. निंबोला, जि. बुऱ्हाणपूर

चि. विनायकास अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

तुझे पत्र पावले. दादांचे वर्षश्राद्ध तू इथे येऊन यथासांग केलेस याचे समाधान आहे. परंतु घराचे व केळीच्या शेताचे कागद दादांच्याच नावावर आहेत ते तूर्त तसेच राहू द्यावेत, पुढे सवडीने पाहू, घर काही पळून जात नाही, असे जे तू त्या पत्रात लिहिलेस, त्या एका वाक्याने मला दोन रात्री स्वस्थ झोप लागली नाही. बुऱ्हाणपुरास पस्तीस वर्षे दस्तलेखन करून ज्याने लोकांची घरेदारे एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना पाहिली, त्या तुझ्या काकाने या बाबतीत मौन धरणे ही दादांशी प्रतारणा ठरेल, म्हणून विस्ताराने लिहितो.

घर पळून जात नाही हे खरे; मालकाचे नाव मात्र पळवून नेता येते. भिंतीला भोक न पाडता, कुलपाला हात न लावता, कोणी एक इसम मालकाच्या नावाचे बनावट ओळखपत्र करतो, त्यावर आपले छायाचित्र लावतो, दोन साक्षीदार बरोबर घेऊन उपपंजीयकासमोर बसतो, आणि ज्या घराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही ते खरेदीखताने विकून, पैसे घेऊन नाहीसा होतो. दस्त करून देणारा कोण, याची उपपंजीयक खातरजमा करतो. त्याची मालकी खरी की खोटी, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे ओळखच खोटी असली की पुढचा सारा इमला त्या खोट्यावर चढतो.

अशा इसमाला आपल्या भाषेत तोतया म्हणतात, आणि त्या शब्दाचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. ज्या सदाशिवरावभाऊंनी १७६० साली उदगीरला निजामास नमवले, आणि त्या तहात बुऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांकडे आले, तेच भाऊ पुढल्या वर्षी पानिपतात पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय राहिला, आणि त्या संशयाचा आधार घेऊन उभ्या राहिलेल्या तोतयाने कोकणात एवढे बंड माजवले की १७७६ साली त्याला पकडून पुण्यास देहान्त शासन होईपर्यंत दरबाराला चैन पडले नाही. मालक दूर आहे, त्याची खबर कोणाला नाही, दप्तरात नाव तेवढे उरले आहे, अशी जागा तोतया शोधत असतो. आणि आज दादांचे नाव ही तशी जागा आहे.

म्हणून पहिले काम फौती नामांतरणाचे. दादांच्या मृत्यूचा दाखला तहसिलीत देऊन वहिनींचे, तुझे आणि चि. सुमनचे नाव खसऱ्यात व बी-१ मध्ये चढवून घे, कारण मृताच्या नावावर खोटा दस्त झाला तर हरकत घ्यायला मृत मनुष्य उठून येत नाही. तिकडे तुम्ही सातबारा पाहता तसा इकडचा खसरा भूलेखाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो पाहण्याचा नेम ठेव. गावठाणातल्या, म्हणजे इथल्या बोलीत आबादीतल्या, घरांना पूर्वी नीटसे दप्तर नसे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अधिकार अभिलेख मिळू लागले, तेव्हा आपल्या घराचा अभिलेख कोणाच्या नावे निघाला हे पटवाऱ्याकडे स्वतः जाऊन पाहा. सायबर तहसील झाल्यापासून विक्रीचे नामांतरण पक्षकार हजर न राहताही होऊ लागले आहे. ही मोठी सोय खरी, पण जिथे माणसाला माणूस दिसत नाही तिथे मालकाचे डोळे उघडे हवेत. सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नकोस. देणे भागच पडले तर एका कामापुरते, मुदत घालून दे, आणि काम संपताच नोंदणीकृत दस्ताने रद्द कर. आधारची नक्कल देताना ती कशासाठी व कोणत्या तारखेस दिली हे तिच्यावरच लिहीत जा.

इतके करूनही विपरीत घडलेच, तर एक दिवसही दवडू नकोस. ज्याच्याजवळ जे नाही ते त्याला दुसऱ्यास देता येत नाही, या न्यायाने तोतयाच्या दस्ताने मालकी जात नाही, आणि नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात अशा तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तथापि एकदा नोंदलेला दस्त नोंदणी खात्याला आपल्या अखत्यारीत रद्द करता येत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका खटल्यात सांगितले. आणि दस्त रद्द करून मागण्याची मुदत तो कळल्यापासून तीन वर्षांची आहे. पोलिसांत फिर्याद, तहसिलीत लेखी हरकत आणि न्यायालयातून मनाई हुकूम, ही तिन्ही कामे एकदमच हाती घ्यावीत.

आता जे लिहितो ते आजवर मी घरात कोणाला सांगितलेले नाही. मी या धंद्यात नवा असताना ओळखीच्या एका पक्षकाराने चेहऱ्यावर पदर ओढलेल्या एका वृद्ध बाईला आणले, ही माझी मावशी म्हणून सांगितले, आणि ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. बाईमाणसाला पदर वर करायला कसे सांगावे, या भिडेपायी मी सही केली. आठ महिन्यांनी, लेकीकडे राहायला गेलेली खरी मालकीण माझ्या दारात उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही मला ओळखता का?" मी तिला जन्मात पाहिले नव्हते. तिचे घर तिला परत मिळाले, पण तारखांना हेलपाटे घालता घालता तिची उरलीसुरली वर्षे सरली. दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे घेण्याचा नियम पुढे २००१ च्या दुरुस्तीने आला. पण छायाचित्र तोतयाचेही तितकेच स्पष्ट निघते.

असीरगडाची कथा तू लहानपणी दादांच्या तोंडून ऐकली आहेस. नासिरखान फारुकीने बायकामुलांना आश्रय द्यावा म्हणून आसा अहिराची विनवणी केली, आणि मागाहून डोल्यांत बसवून सशस्त्र शिपाई गडावर चढवले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. एवढा दुर्गम गड पडला, कारण कोणी डोलीचा पडदा बाजूला सारला नाही. ती मालकीण माझ्या दारात उभी राहिली त्या दिवसापासून तो प्रसंग मला वेगळाच दिसू लागला. आपले घर राख, पण त्याहून अधिक हे लक्षात ठेव, की ज्याला तू ओळखत नाहीस त्याच्या ओळखीची सही, मित्र असो वा सोयरा, कोणाच्याही भिडेखातर करू नकोस. तशी सही मिळाली नाही तर तोतयाचे काम तेवढे अवघड होते.

येत्या आखाजीला चार दिवस काढून ये. दाखला व वारसांचे कागद बरोबर आण. तहसिलीत मी तुझ्यासोबत येईन. संध्याकाळी ओट्यावर बसत जा, आणि गल्लीतल्या लहान पोरांनाही तुझा चेहरा ओळखीचा होऊ दे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका