जन्मभराची शाळा

गेल्या आठवड्यात एका खेडेगावी आमचा मुक्काम होता. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर चार माणसे जमली. बोलता बोलता साक्षरतेच्या वर्गाची गोष्ट निघाली, तेव्हा घरचे वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "पाळकसाहेब, पोरांना शिकवा. आम्ही पिकली पानं. आम्हाला आता कसली पालवी फुटायची?" सर्व हसले, आम्हीही हसलो. परंतु अंथरुणावर पडल्यावर ते बोल आमच्या मनात घोळत राहिले. कारण त्याच सायंकाळी हे गृहस्थ आपल्या नातवापासून मोबाईलवर पावसाचा अंदाज कसा पाहावा हे शिकत होते, आणि नातू आजोबांपासून वाखाचे दावे कसे वळावे हे शिकत होता. दोघेही शिकत होते. पण आपण शिकत आहो, हे दोघांच्याही ध्यानी नव्हते.

प्रिय वाचकहो, शिकणे म्हणजे शाळा, पुस्तक व पाटी, आणि शाळा सुटली म्हणजे शिकणे संपले, ही समजूत आपल्यांत फार खोल रुजली आहे. तिचे दोन वाईट परिणाम होतात. ज्याने शाळा पाहिली नाही तो स्वतःस अडाणी समजून कायमचा मागे बसतो. आणि ज्याने शाळा पाहिली तो आपले शिकणे पुरे झाले असे समजून थांबतो. म्हणून माणूस लहानपणी, भर उमेदीत व म्हातारपणी खरोखर कसा शिकतो, ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

१. लेकरू कसे शिकते

लेकराचे शिकणे पाळण्याच्याही आधी सुरू होते. नुकते जन्मलेले मूल इतर बायांच्या आवाजांतून आपल्या आईचा आवाज ओळखते, असे संशोधकांस दिसून आले आहे. कारण तो आवाज ते पोटात असतानाच ऐकत असते. सुमारे वर्षाचे झाले म्हणजे ते पहिले शब्द बोलते. परंतु पुष्कळ शब्दांचा अर्थ त्यास त्यापूर्वीच कळू लागलेला असतो. ज्या घरी लेकराशी बोलले जाते त्या घरी त्याचा शब्दसंग्रह वाढतो. तेव्हा भांडी घासताना, शेण सारविताना आई लेकराशी जे बोलते, ते वायफळ बोलणे नव्हे, तो पहिला वर्ग होय.

आता एक गंमत पाहा. दोन-तीन वर्षांचे पोर कधी कधी म्हणते, "मी करलं." आपण हसतो. पण 'करलं' हा शब्द त्यास कोणी शिकविला? कोणीच नाही. 'बसलं', 'उठलं', 'पडलं' असे शब्द ऐकून त्याने आपल्या मनाशी एक नियम बांधिला आणि तोच 'करणे' ह्या शब्दास लाविला. ह्याचा अर्थ असा की, मूल केवळ पोपटासारखे बोलत नाही; ते विचार करून शिकते, आणि त्याची चूक हीच त्याच्या विचाराची खूण होय. अशा वेळी त्यास झिडकारू नये. "हो का? तू केलंस?" असे सहज म्हणावे, म्हणजे शुद्ध शब्द त्याच्या कानी पडतो व त्याचा हिरमोडही होत नाही.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आईबापांनी मुलांस कोठे शिकवावे हे सांगितले आहे. तेथे शाळागृहाचे नाव नाही. घर आहे, वाट आहे, निजण्याची व उठण्याची वेळ आहे. सामान्य घराचा सामान्य दिवस हाच तेथे शाळा ठरविला आहे.

२. हात कसा शिकतो

आपल्या घरी भाकरी करावयास मुलगी कशी शिकते ते आठवून पाहा. तिला कोणी व्याख्यान देत नाही. ती आईजवळ बसून कित्येक दिवस नुसती पाहते. मग आई तिच्या हाती पिठाचा एक लहान गोळा देते. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते ऊन पाण्यात मळावे लागते, हे तिला गोळा हातात फुटतो तेव्हा कळते. पहिली भाकरी वेडीवाकडी होते. पण ती कोणी उकिरड्यावर टाकीत नाही, बाप तीच मुद्दाम मागून घेतो. काही दिवसांनी तीच मुलगी धाकट्या बहिणीस भाकरी थापावयास शिकविते.

ह्या साध्या गोष्टीत उत्तम शिक्षणाच्या सर्व पायऱ्या आहेत: प्रथम पाहणे, मग जवळ राहून लहानसा वाटा उचलणे, चुकणे, पुन्हा करणे, आणि शेवटी दुसऱ्यास दाखविणे. नांगर धरणे, विहिरीचे बांधकाम, सुतारकी, शिवण, ही सर्व कामे पिढ्यान्‌पिढ्या अशीच हातांतून हातांत आली आहेत.

ह्याच रीतीने मोठे शेतकरीही नवे ज्ञान कसे मिळवितात, ह्याचे एक उदाहरण इंडोनेशिया देशातील आहे. तेथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचा फार उपद्रव झाला. जितकी औषधे फवारावी तितका कीटक वाढे. कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी व इतर उपकारक किडे आधी मरत. १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांसाठी शेतातच शाळा भरू लागल्या. सुमारे पंचवीस शेतकरी दर आठवड्यास बांधावर जमत, रोपे तपाशीत, जे किडे दिसले त्यांची चित्रे काढीत, आणि मग फवारणी करावी की नाही हे आपसांत ठरवीत. जाळीने झाकलेल्या रोपावर तुडतुडे व कोळी एकत्र सोडून कोण कोणास खातो हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. अधिकाऱ्याने शंभर वेळा सांगितले असते तरी जे पटले नसते, ते एकदा पाहून पटले. ह्या रीतीचा पुढे अनेक देशांत प्रसार झाला.

३. प्रौढ माणूस आणि लाज

मोठ्या माणसाच्या वाटेत बुद्धीची अडचण थोडी व लाजेची फार असते. आपल्या महाराष्ट्रात तर प्रौढपणी किंवा लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या स्त्रियांनी केवढी कामे केली आहेत! १८३१ मध्ये नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले ह्या लग्नाच्या वेळी निरक्षर होत्या. जोतीरावांनी त्यांस घरी शिकविले, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या शिक्षिका झाल्या. लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पती नारायण वामन टिळक ह्यांच्या आग्रहाने त्या घरीच वाचावयास व लिहावयास शिकल्या. त्यांनीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावी रात्रीचा साक्षरता वर्ग चालवीत होतो. पन्नाशी उलटलेला एक शेतकरी त्यात येई. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. कडब्याच्या पेंढ्या, पायली-मणाचे भाव, मजुरांचे पैसे, सर्व त्याच्या जिभेवर. परंतु लिहिलेले आकडे त्यास ओळखता येत नसत. सहा व नऊ ह्यांत त्याची नेहमी गफलत होई. एके रात्री तो तिसऱ्यांदा चुकला तेव्हा आम्ही थकव्याच्या भरात म्हणालो, "तुमच्या नातीसही हे येते!" वर्गात हशा पिकला. त्याची सूनही तेथे बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि आम्हीही त्याच्या घरी गेलो नाही.

पुढल्या उन्हाळ्यात त्याने एका सावकाराकडून सहा हजार रुपये घेतले व कागदावर अंगठा उठविला. कागदावर नऊ हजार लिहिले होते. तीन हजार रुपये व त्यांवरील व्याज त्याने दोन वर्षे फेडले. हे आम्हांस कळले तेव्हा आम्ही त्याच्या दारी गेलो व क्षमा मागितली. तो इतकेच म्हणाला, "साहेब, तुमचं चुकलं नाही, मलाच येत नव्हतं." हे शब्द आम्हांस शिव्यांहून कठीण वाटले.

त्यास पुढे आकडे कोणी शिकविले? त्याच नातीने, कोळशाने चुलीमागच्या भिंतीवर लिहून. तेथे हसणारे कोणी नव्हते. तिने त्यास चिंचोके मांडावयास लाविले: आधी त्याने तोंडी मोजावे, मग तिने तो आकडा लिहावा. जे त्यास अगोदरच येत होते त्याच्याशी तिने नवे जोडून दिले. आम्ही सेमिनरीत शिकलो, तरी ही युक्ती आम्हांस सुचली नाही. तिसरीतल्या पोरीस सुचली.

४. पिकल्या पानाची पालवी

म्हातारपणी नवी नावे लवकर पाठ होत नाहीत, हे खरे. पण शब्दांचे ज्ञान व अनुभवाची समज ही उतारवयातही पुष्कळ काळ टिकतात, आणि शिकण्याची शक्ती एका ठरावीक वयास संपून जात नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षे वयाच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तेथे शिकावयास येऊ लागल्या. नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. अंगठ्याच्या जागी आपले नाव लिहिता आले, हा त्यांस मोठा आनंद होता.

विसरण्याचीही भीती बाळगू नये. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये असे प्रसिद्ध केले की, नवे पाठ केलेले आरंभी फार वेगाने विसरते व मग विसरण्याचा वेग कमी होतो. तसेच एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून रविवारी दोन तास बसण्याहून रोज दहा मिनिटे बसणे बरे. आणि पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याहून ते मिटून "मला काय आठवते?" असे स्वतःस विचारणे अधिक गुणकारी असते.

५. शिकविणाऱ्यांनी काय करावे

भारतात १९५१ मध्ये दर शंभर माणसांत सुमारे अठरांसच वाचता-लिहिता येत होते. २०११ च्या शिरगणतीत ही संख्या चौऱ्याहत्तरावर गेली. हे काम केवळ सरकारी शाळांनी झाले नाही. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम निघाली तेव्हा गावोगावी शिकलेल्यांनी न शिकलेल्यांस शिकविले, आणि पूर्ण साक्षर झालेल्या गावाचा गौरव समारंभ होई. फ्रँक लाउबाख ह्या मिशनऱ्याने फिलिपाइन्समधील मारानाव लोकांत १९३० च्या सुमारास हाच मार्ग धरिला होता: शिक्षकांच्या पगारास पैसा उरला नाही, तेव्हा शिकलेल्या प्रत्येकाने आणखी एकास शिकवावे असे ठरले.

तेव्हा उपदेशकबंधूंनो, वर्ग चालविताना चार गोष्टी लक्षात ठेवा. शिकणाऱ्यास अगोदर काय येते हे पाहून तेथूनच आरंभ करा. चुकीवर हसू नका व हसू देऊ नका. थोडे शिकवा, पण रोज शिकवा. आणि जो शिकला त्यास लागलीच दुसऱ्याचा गुरू करा. पाचवी गोष्ट आम्ही आपल्या अपराधातून शिकलो: जो वर्गास यावयाचा थांबला, त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी जा.

आता त्या ओसरीकडे परत येऊ. सकाळी निघण्यापूर्वी आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस म्हणालो, "बाबा, आम्हांसही दावे वळावयास शिकवा." आम्ही वाख हाती घेतला. तीन वेळा वळले, तीनही वेळा पीळ सुटला. नातू खदखदा हसला. तेव्हा म्हातारा त्याच्यावर डोळे वटारून म्हणाला, "हसू नको रे. हात बसायला वेळ लागतो."

इतके बोलून तो क्षणभर थांबला. आमच्या हातातील वाख त्याने हलकेच सरळ करून दिला, आणि मग खाली पाहतच विचारले, "तुमचा तो वर्ग कोणत्या वारी असतो म्हणालात?"

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या एका महिन्यात आपण कोणती नवी गोष्ट शिकलो? ती कोणी शिकविली?

२. आपल्या घरातील वृद्धांस येणारे कोणते काम आपल्या मुलांस येत नाही? ते शिकविण्यास कोणता दिवस ठरविता येईल?

३. आपल्या हसण्यामुळे किंवा रागावण्यामुळे कोणी शिकावयाचे सोडले आहे काय? असल्यास त्याच्या घरी केव्हा जाणार?