बोहनी आणि ईमान

व्यापारी व कारागीर बंधूंनो, शिर्क म्हटले की आपल्यासमोर मूर्ती उभी राहते. आपण तिच्यापुढे वाकत नाही, म्हणून हा धडा दुसऱ्यांसाठी आहे असे समजून आपण निश्चिंत होतो. परंतु शिर्क दुकानाच्या दारातूनही आत येतो. कसा येतो, ते मक्केच्या कुरैश व्यापाऱ्यांकडे पाहून समजते.

मक्केची जमीन नापीक. कुरैशांचे पोट व्यापारावर चाले. त्यांचे काफिले हिवाळ्यात यमनकडे व उन्हाळ्यात शामकडे जात. सृष्टीचा निर्माता अल्लाह आहे हे त्यांना मान्य होते, तरीही काबागृहाभोवती ३६० मूर्ती होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तौहीदकडे बोलावले तेव्हा त्यांनी सांगितलेली अडचण सूरह कससमध्ये (आयत ५७) आली आहे. हा मार्ग धरला तर आपल्याला आपल्या भूमीतून उखडून टाकतील, अशी त्यांना भीती होती. त्याच आयतीत त्यांना आठवण दिली आहे की, सुरक्षित हरम अल्लाहनेच दिले आणि तेथे सर्व प्रकारची फळे तोच पोचवतो.

ही चिंता श्रद्धावंतांनाही वाटली. हिजरी ८ (इ.स. ६३०) मध्ये मक्का जिंकली गेली व मूर्ती हटविल्या गेल्या. पुढच्या वर्षी अनेकेश्वरवाद्यांना हरममध्ये येण्यास मनाई झाली, तेव्हा आता व्यापार बसेल असे काहींना वाटले. सूरह तौबाच्या २८व्या आयतीने त्यांना धीर दिला की, अल्लाहने इच्छिले तर तो आपल्या कृपेने संपन्न करील.

आता आमचीच गोष्ट सांगतो. बोहनी होण्याआधी उधार दिले तर दिवस वाया जातो, असे आम्ही वर्षानुवर्षे मानीत आलो. एकदा मंदीच्या दिवसांत सकाळीच मोहल्ल्यातला एक मजूर उधारीवर पांढरे कापड मागायला आला. आम्ही त्याला बोहनी होईपर्यंत थांबविले. तो मुकाट्याने पायरीवर बसून राहिला. अर्ध्या तासाने पहिले गिऱ्हाईक आले, मग आम्ही तागा काढला. किती मीटर फाडू असे विचारले, तेव्हा कळले की कापड त्याच्या आईच्या कफनासाठी होते.

त्या दिवशी फजरची नमाज आम्ही जमातीने पढलो होतो. कपाळ अल्लाहपुढे आणि भरवसा बोहनीवर! अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये अपशकुन मानण्याला शिर्क म्हटले आहे, हे आम्ही शाळेत असतानाच वाचले होते. यावरून दुसऱ्या कोणाला मुश्रिक ठरवू नये. आपले मन मात्र जरूर तपासावे.

सूरह जुमरमध्ये (आयत २९) एक दाखला आहे. एका गुलामाचे अनेक भांडखोर मालक, दुसऱ्याचा एकच मालक. दोघांची स्थिती सारखी कशी असेल? जो व्यापारी शकुनाला, बड्या गिऱ्हाइकाला आणि बाजारभावाला रोजी देणारा समजतो, तो पहिल्या गुलामासारखा दिवसभर ओढाताणीत राहतो.

प्रयत्न सोडावा असे आम्ही म्हणत नाही. माल चोख ठेवा, माप पुरे द्या, उधारी वेळेवर वसूल करा. ही साधने आहेत. रोजी देणारा एकच आहे. उद्या सकाळी दुकान उघडताना प्रथम त्याचे नाव घ्या, आणि पायरीवर कोणी गरजू उभा असेल तर बोहनीची वाट पाहू नका.