एका कामावरून दुसऱ्या कामावर : डिस्नेच्या पार्कातील बदलीचे नियम

शिवणकामाचा कारखाना असो, बेकरी असो की गॅरेज, मालकापुढे एक प्रश्न नेहमी येतो. काजे-बटणावरचा मुलगा म्हणतो, मला आता कटिंगवर बसवा. काउंटरवरचा म्हणतो, मला भट्टीवर पाठवा. कोणाला पाठवावे, केव्हा पाठवावे, आणि पाठविल्यावर त्याचा पगार व ज्येष्ठपणा जुना धरावा की नवा? दहा माणसांच्या कारखान्यात हे सारे तोंडी चालते व त्यातूनच रुसवेफुगवे होतात. हजारो माणसे असतील तेथे ते तोंडी चालूच शकत नाही. म्हणून या वेळी आम्ही अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या प्रचंड थीम पार्कचे उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे.

हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. आज तेथे चार मोठी पार्के, हॉटेले, उपाहारगृहे, दुकाने, बसगाड्या, धुलाईखाना असा सारा संसार असून सत्तर हजारांवर माणसे कामाला आहेत. तेथील बोली नाटक कंपनीची आहे. नोकराला 'कास्ट मेंबर' म्हणतात, भरती खात्याला 'कास्टिंग', गणवेशाला 'कॉस्च्युम' आणि कामाला 'रोल'. गिऱ्हाइकाच्या नजरेसमोरची जागा ती 'ऑनस्टेज', पडद्यामागची ती 'बॅकस्टेज'. भरतीसाठी १९८९ साली खास इमारत बांधली, तिच्या दारांच्या मुठीसुद्धा 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या पात्राच्या! ही सारी हौस वाटेल. पण रोल पुढचा की मागचा, यावर तेथे पुष्कळ काही अवलंबून असते, ते पुढे येईलच.

ताशी पगारावरचे बहुसंख्य कामगार सहा संघटनांच्या संयुक्त मंडळाने केलेल्या कराराखाली येतात. २०२३ साली अशा कामगारांची संख्या सुमारे ४५ हजार होती. करारात प्रत्येक कामाचा वर्ग ठरलेला असतो व वर्गाचा दर ठरलेला असतो. त्यामुळे माणूस एका वर्गातून दुसऱ्यात गेला की त्याला नव्या कामाचा दर लागू होतो. शिवाय पूर्णवेळ, अर्धवेळ आणि हंगामी असे तीन प्रकार आहेत. काम तेच ठेवून अर्धवेळचा पूर्णवेळ होणे हेही तेथे मोठे स्थित्यंतर समजतात, आणि ते खरेच मोठे आहे. २०२० साली साथीच्या काळात कंपनीने अमेरिकेतील आपल्या पार्कांतून २८ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ होती.

बदली मागणाऱ्याला आधी ठरलेली मुदत त्याच कामावर काढावी लागते. मग हजेरी आणि शिस्तीची नोंद पाहतात. नोंद खराब असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. जागा रिकामी असावी लागते हे उघडच आहे. मुकादमी मिळणे म्हणजे मात्र बदली नव्हे. त्यासाठी मुलाखत वेगळी. वीजतंत्र्यासारख्या कामाला तर आधी हुनर दाखवावे लागते.

मुदतीचा नियम सर्वांत जास्त टोचतो. २०१८ च्या करारात कामगारांचा किमान दर ताशी १० डॉलरवरून २०२१ पर्यंत १५ डॉलरवर नेण्याचे ठरले. त्या बदल्यात कंपनीने ज्या गोष्टी पदरात पाडून घेतल्या, त्यांत नव्या कामगाराने बदलीपूर्वी आपल्या कामावर अधिक काळ राहावे, ही एक होती. म्हणजे या मुदतीला बाजारात किंमत आहे! मालकाची बाजू समजण्यासारखी आहे. पाळणा चालविणाऱ्याला शिकविण्यात दिवस आणि पैसा जातो. तो दोन महिन्यांत दुकानावर गेला तर शिकवणी वाया. पण कामगाराचीही बाजू आहे. फ्लोरिडाच्या उन्हात दिवसभर उभे राहणे ज्याला झेपत नाही, त्याला मुदत म्हणजे शिक्षा वाटते. आमच्या मते मुदत असावी, पण प्रकृतीच्या कारणाला वेगळी वाट असावी. (मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' म्हणजे कायम कामगार गैरहजर असता गेटावरून आत घेतलेला माणूस. आपण येथे त्या अर्थाने बोलत नाही.)

आता ज्येष्ठतेकडे वळू. येथे एक जुना खटला प्रत्येक मालकाने आणि कारागिराने समजून घेण्यासारखा आहे. तो पार्कातील नसून टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या कॅन्सस सिटी येथील दुरुस्ती तळावरचा आहे. हार्डिसन नावाचा भांडार कारकून आपल्या पंथाप्रमाणे शनिवारी काम करीत नसे. पहिल्या इमारतीत त्याची ज्येष्ठता पुरेशी होती, म्हणून शनिवार मोकळा मिळे. त्याने स्वतः मागून दुसऱ्या इमारतीत बदली घेतली. दोन्ही इमारतींच्या ज्येष्ठता याद्या अगदी निराळ्या निघाल्या. नव्या यादीत तो तळाशी गेला, शनिवार अंगावर आला, त्याने नकार दिला आणि नोकरी गेली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. एकाच्या धर्मपालनासाठी इतरांचा ज्येष्ठतेचा हक्क मोडण्यास मालक बांधील नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. २०२३ साली ग्रॉफ खटल्यात याच न्यायालयाने मालकांवरचा भार वाढविला. किरकोळ गैरसोय दाखवून आता भागत नाही, धंद्यावर भरीव जादा खर्च पडतो हे सिद्ध करावे लागते. ज्येष्ठतेच्या यादीला मात्र हात लावलेला नाही.

पुढच्या आणि मागच्या रोलचा प्रश्न कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे आला. तेथील डिस्नेलँडच्या हॉटेलात उपाहारगृहाच्या दाराशी पाहुण्यांचे स्वागत करणारी एक मुस्लिम कर्मचारी २०१० च्या रमजानमध्ये हिजाब घालून कामावर आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, हिजाब काढ, नाहीतर मागे काम कर, नाहीतर घरी जा, असे तिला सांगण्यात आले. कंपनीचे म्हणणे असे की तिला खास तयार केलेले शिरोवस्त्र आणि हिजाब चालेल असे अन्य रोल देऊ केले होते. २०१२ साली तिने दावा लावला. दर तोच, तास तेच, मग पडद्यामागे जाण्यात नुकसान काय, असे कोणी विचारील. नुकसान आहे. गिऱ्हाइकापुढे उभे राहण्याचे काम ज्याने मिळविले, त्याला त्याच्या कामातील उणिवेमुळे नव्हे तर त्याच्या रूपामुळे आत ढकलणे, ही आमच्या दृष्टीने बदली नव्हे, उतरंड आहे. गंमत अशी की याच कंपनीने नोकरांना मिशी ठेवण्याची परवानगी २००० साली आणि आखूड दाढीची २०१२ साली दिली. संस्थापक वॉल्ट डिस्ने स्वतः मिशी राखीत!

आपल्या कारखान्यात एवढी कलमे लागणार नाहीत. हजेरीच्या वहीचे एक पान पुरे. नव्या कामावर किती दिवस शिकाऊ म्हणून धरणार, त्या दिवसांत दर जुना की नवा, काम जमले नाही तर जुन्या जागेवर परत घेणार की नाही, आणि ज्येष्ठपणा कारखान्यातील धरणार की त्या टेबलावरचा, हे त्यावर लिहावे व बदलीपूर्वी कारागिराला वाचून दाखवून त्याची सही घ्यावी.