कानातील पाणसळ आणि उपदंश

एक साधा प्रयोग करा. पेल्यातील पाण्यावर खडूची पूड भुरभुरा आणि पेला एकदम फिरवा. पेला फिरतो, पूड मात्र जवळजवळ जागीच राहते. हे पाण्याचे जडत्व होय.

आपल्या अंतर्कर्णात परस्परांशी काटकोन करणाऱ्या ३ अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, सूक्ष्म संवेदी केस वाकतात आणि मेंदूला वळण्याची दिशा समजते. फुगडी थांबल्यावर द्रव क्षणभर फिरतच राहतो. म्हणून घर फिरल्यासारखे वाटते. ऐकण्याचे काम करणारी शंखासारखी वेटोळी नळी या नलिकांना लागूनच असते. त्यामुळे अंतर्कर्णाच्या रोगात श्रवण आणि तोल दोन्ही बिघडू शकतात.

उपदंश, म्हणजे बोलभाषेतील गरमी, हा असाच एक रोग. तो मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. त्याचा मळसूत्रासारखा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ साली शाउडिन व हॉफमन यांनी बर्लिन येथे शोधला. हा जंतू अंतर्कर्णापर्यंत किंवा श्रवणाच्या मज्जातंतूपर्यंत पोहोचला, तर ऐकू कमी येते, कानात आवाज होतात आणि फुगडी न खेळताच घर फिरू लागते. काही रोग्यांना तर कानाच्या बाहेरील नळीत हवेचा दाब किंचित वाढविला तरी भोवळ येते व त्यांचे डोळे हलू लागतात. या लक्षणाला बेल्जियन डॉक्टर हेनेबर्ट यांचे नाव आहे.

गर्भवती मातेकडून हा रोग बाळालाही होतो. जन्मतः धडधाकट दिसणारे मूल पुढे शाळेच्या वयात बहिरे होऊ शकते. त्या मुलाचा यात काय दोष? गरोदरपणी रक्ताची तपासणी करतात ती याचसाठी. रोग वेळीच आढळला, तर मातेवर उपचार करून बाळाला वाचविता येते.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. महोनी यांनी या रोगावर पेनिसिलिन वापरून दाखविले. आजही तेच मुख्य औषध आहे. कानाच्या उपदंशात ते साधारणपणे १० ते १४ दिवस शिरेतून देतात. उपचार लवकर झाल्यास ऐकू येणे सुधारू शकते. परंतु नष्ट झालेल्या संवेदी पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत.

एकाएकी ऐकू येईनासे झाले किंवा वारंवार भोवळ आली, तर कारणे अनेक असू शकतात. ते कारण डॉक्टरांना शोधू द्यावे. निरोधच्या वापराने उपदंशाचा धोका पुष्कळ कमी होतो. हा रोग जंतूमुळे होतो, आणि जंतूला औषध आहे. लाजेपायी घालविलेला वेळ मात्र परत मिळत नाही.