नावं नको मोजूस, जागा मोज

अगं, त्या यादीकडे अजून किती दिवस बघत बसणार आहेस? पुढच्या वर्षी राष्ट्रीय कुमारी खो-खो स्पर्धेला महाराष्ट्राकडून कोण जाणार, याचे अंदाज आत्तापासून सुरू झालेत, मला ठाऊक आहे. शेंडीच्या एसटी थांब्यावर तेच, राजूरच्या बाजारात तेच, आणि तुमच्या खेळाडू मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज नवी यादी. जो तो पंधरा नावं लिहून मोकळा होतो आणि तुझं नाव एकाही यादीत नसतं. मग तू ताटावरून अर्धं जेवून उठतेस, असं तुझी आई सांगत होती. ये, बस इथे. आधी भाकरी संपव, मग बोलू.

खरं सांगू का, अंदाज बांधण्यात वाईट काही नाही. ज्याला खेळ आवडतो तो अंदाज बांधणारच. तिकडे कॅनडात बर्फावरच्या हॉकीचं असंच वेड आहे. वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी 26 डिसेंबरच्या सुमाराला सुरू होते, आणि पुढच्या खेपेला संघात कोण असेल यावर तिथे घराघरांत वाद होतात. तेव्हा लोकांवर चिडू नकोस. पण बघ, अंदाजाची एक रीत असते, ती कळली की तुझा अर्धा घोर कमी होईल. नुसती नावं मोजत बसलं की जीव घाबरतो. जागा मोजल्या की पुढचं काम दिसायला लागतं.

पहिली गोष्ट वयाची. कुमारी गट म्हणजे 18 वर्षांखालच्या मुली, आणि किशोरी गट 14 वर्षांखालच्या. म्हणजे कुमारी संघातून दरवर्षी काहीजणी वयामुळे बाहेर पडतातच, मग त्या कितीही चांगल्या खेळोत. याद्या करणारे नेमकं हेच विसरतात. यंदा जिने गाजवलं तिचं नाव ते डोळे मिटून पुढच्या वर्षी लिहितात, आणि ती तोवर महिला गटात गेलेली असते. तू एक वही घे. यंदाच्या संघातल्या कोणकोण पुढच्या वर्षीही वयात बसतात ते खेळाच्या सरांना विचारून लिही. उरलेल्या जागा किती, ते तुझं तुलाच दिसेल. दुसऱ्या बाजूने किशोरीतून वर येणाऱ्या मुलीही बघ, कारण त्याच जागांवर त्यांचाही डोळा असणार.

दुसरी गोष्ट, कुठली जागा रिकामी होतेय? घरात लग्न असलं आणि दहाच्या दहा जणी पुरण वाटायला बसल्या, तर पंगतीला भात कोण वाढणार? संघाचंही तसंच असतं गं. निवड समितीला पंधरा एकसारख्या मुली नको असतात. संरक्षणाला पहिल्या तुकडीत उतरून वेळ काढणाऱ्या तिघी हव्यात. आक्रमणात खांबाजवळ सूर मारून गडी टिपणारी हवी. मधल्या पाट्यांवर बसून नेमक्या क्षणी खो देणारी आणि घेणारी हवी. दोन्हीकडे चालणारी अष्टपैलू हवी. यातली कोण वयातून बाहेर पडतेय ते बघ. दोन चांगल्या खांबवाल्या अजून दोन वर्षं राहणार असतील, तर तिसरी म्हणून आत शिरणं अवघड. पण पहिल्या तुकडीतली एक जात असेल आणि तुझे पाय तिथे चालत असतील, तर तुझी वाट तिकडून आहे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. पेपरात सामन्याची बातमी वाचतेस ना? प्रत्येकीच्या नावापुढे कंसात किती मिनिटं संरक्षण आणि किती गडी बाद केले, ते दिलेलं असतं. निवड समितीतले लोकही तेच टिपतात. म्हणून तुझे आकडे तू स्वतः लिहून ठेव. किती वेळ पळलीस, कशी बाद झालीस, सूर मारून की खांबावर की साखळी तुटल्यामुळे, आणि समोर कोण होतं. दुबळ्या संघापुढे अडीच मिनिटं पळणं वेगळं आणि पुण्याच्या किंवा धाराशिवच्या मुलींपुढे दीड मिनिट टिकणं वेगळं. दिवाळीपर्यंत ही वही भरली की तुझं कुठे अडतंय हे सांगायला मी लागणार नाही.

आता वाट कशी जाते ते नीट समजून घे, कारण तुझी निम्मी घालमेल तिथेच आहे. शाळेची वाट निराळी आणि खो-खो संघटनेची निराळी. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. क्रीडा खात्यात आपला जिल्हा पुणे विभागात येतो, म्हणजे विभागातच पुणे आणि सोलापूरशी गाठ पडते. दोन्हीकडे खो-खो चांगला मुरलेला. तिथे हरलीस तरी खचू नकोस, असे सामने मिळणं हीच कमाई आहे. आश्रमशाळेची वाट राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पातून नाशिक विभागाकडे जाते. आणि कुमारी राज्य अजिंक्यपदासाठी जिल्हा संघटनेची निवड चाचणी असते. तिथे जिल्ह्याच्या संघात आलीस, तर राज्य स्पर्धेत तुझा खेळ निवड समितीच्या डोळ्यांसमोर येतो. त्या चाचणीची तारीख चुकली तर वर्ष गेलं. म्हणून तारीख विचारायचं काम दुसऱ्या कुणावर सोडू नकोस.

आणि कागद! बघ, आपल्या भागात घरी जन्मलेली पोरं पुष्कळ, आणि शाळेच्या रजिस्टरात कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर एकच तारीख आणि एकसारखं नाव आहे का, ते याच आठवड्यात बघ. वयाचा गट असला की कागदावरून मुली परत पाठवल्या जातात, आणि त्या वेळी तुझ्या पायातला वेग कामाला येत नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून चाचणी तोंडावर येईपर्यंत थांबू नकोस.

पावसाचं दुखणं मला सांगायला नको. भंडारदऱ्यात जूनपासून मैदान म्हणजे चिखल. घाटघर-रतनवाडीकडे तर आकाशच फाटलेलं असतं, आणि तिकडे पुण्या-ठाण्याच्या मुली छपराखाली मॅटवर सराव करतात. हे तुला टोचतं, आणि टोचायलाच हवं. पण चार महिने हातावर हात ठेवून बसायचं नाही. शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर मिळालं तरी पुष्कळ होतं. दोरीउड्या मार. पाटीवर बसल्यासारखी बैठक धरून ठेव आणि टाळी ऐकली की उठून दोन पावलं सूट. जागच्या जागी वळायचा सराव कर, पाय आधी आणि खांदा मागून. ओल्या चिखलात मात्र सूर मारायचा नाही आणि झटक्यात वळायचंही नाही. गुडघा मुरगळला की सगळा हंगाम हातचा जातो. पाऊस उघडला की सरांच्या मागे लाग आणि जिथे मॅट असेल तिथे थोडे दिवस तरी पळून ये. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, आणि मातीवर पळणाऱ्या पायाला मॅटची पकड नवी वाटते. ती सवय चाचणीच्या दिवशी लावता येत नाही.

खाण्याचं सांगते, आणि यात मी ऐकून घेणार नाही. नागलीची भाकरी तुझ्या घरात रोज होते, ती सोडून पाकिटातली बिस्किटं कशाला खातेस? नागली, उडदाचं घुटं, रानातल्या पालेभाज्या, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडं. एवढं मिळालं तर महागड्या डब्यातल्या भुकटीची गरज नाही. पाळीच्या दिवसांत अंगावर जास्त जात असेल किंवा धावताना धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी असलं तर गोळ्या मिळतात. यात लाजण्यासारखं काही नाही. सरांशी बोलायला अवघड वाटत असेल तर बाईंना सांग, नाहीतर मला सांग. आणि झोप! रात्री अकरापर्यंत याद्या वाचत बसलीस तर पहाटे पाय कसे उचलतील?

घरच्यांचं भय मला कळतं. पोरगी एवढ्या लांब जाणार, कुठे राहणार, दहावीचं काय होणार. त्यात कुणी नातेवाईक स्थळाचा विषय काढतो. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, त्यांना माहिती दे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सारिका काळेचं नाव सांग. धाराशिवची, घरची परिस्थिती बेताची. भारतीय संघाची कर्णधार झाली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीलाही लागली. वडिलांना हे एकदा शांतपणे सांग आणि सरांना घरी चहाला बोलव. निम्मी भीती तिथेच ओसरेल.

आपल्यासारख्या डोंगरातल्या मुलींना तिथे कोण विचारतं, असं परवा म्हणालीस. कळसूबाईच्या पलीकडे नाशिक जिल्हा सुरू होतो. तिथल्या सुरगाणा-पेठ भागातल्या आदिवासी मुलींनी महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवल्यात. त्यांच्याकडेही पाऊस आहे, त्यांच्याही एसट्या चुकतात. आणि प्रियांका इंगळे बघ. मूळची बीड जिल्ह्यातली, पुण्यात खेळून मोठी झालेली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा ती भारताच्या महिला संघाची कर्णधार होती. अंतिम सामन्यात आपण नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघासाठी शिबिरात 60 मुली होत्या आणि घेतल्या 15. म्हणजे 45 जणी घरी परतल्या, आणि त्या देशातल्या निवडक खेळाडू होत्या. यादीत नाव नसणं म्हणजे खेळ येत नाही, असा अर्थ होत नाही गं.

आता अवघड भागाकडे येते. सगळं करूनही पुढच्या वर्षी नाव लागलं नाही तर? लागणार नाही असंही होऊ शकतं. समितीच्या डोक्यात तुकड्यांची जुळणी असते, कुठे डावखुरी हवी असते, कुठे उंच हवी असते, आणि तुझ्याइतकीच चांगली दुसरी मुलगी एक वर्ष मोठी असते. राखीव म्हणून घेतलं तर तोंड पाडू नकोस, शिबिरात शिकायला सगळ्यांना सारखंच मिळतं. कुमारीतून वय गेलं तरी शालेय 19 वर्षांखालचा गट आहे, पुढे विद्यापीठ आहे, महिला गट आहे. कुमारीत राहिलेल्या मुली महिला गटात चमकल्याची उदाहरणं तुझ्या सरांकडेच मिळतील.

आणि एक सांगून ठेवते. जिचं नाव सगळ्या याद्यांत आहे, तिच्याशी अबोला धरू नकोस. उद्या तीच तुझ्या तुकडीत असेल. तिघी मैदानात उतरतात, तेव्हा एकीने पाठलाग स्वतःवर ओढून घेतला तर दुसरीला श्वास मिळतो. एकमेकींवर विश्वास नसला की तुकडी एका मिनिटात गारद होते, आणि हे निवड समितीला लांबूनही दिसतं. ती तुझ्यापेक्षा खांब चांगला घेते ना? मग तिलाच विचार, पाय कुठे ठेवतेस म्हणून. बहुतेक मुली आनंदाने सांगतात.

तर आता ऐक. तो ग्रुप रात्री आठनंतर बंद. उद्या शाळेत गेलीस की सरांना तीन गोष्टी विचार: यंदाच्या संघातल्या कोण वयातून जाणार, त्यातली कुठली जागा तुला जमेल, आणि जिल्ह्याची निवड चाचणी कधी आहे. येताना ग्रामपंचायतीत जाऊन जन्मदाखल्याची प्रत घे. पाय तुझ्याकडे आहेत, डोकंही आहे, फक्त कामाचा क्रम लावायचा होता आणि तो आता लागलाय. दाखला मिळाला की घेऊन ये, नाव आणि तारीख आपण दोघी मिळून तपासू.